गरोदरपणात नाक चोंदलेलं असताना विमानप्रवास: कानाच्या दड्याआधी भुवईवरच्या दुखण्याचं बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताई 28 आठवड्यांच्या गरोदर आहेत, पहिलटकरीण, नोकरी बंगलोरला आणि माहेर नागपूर, दोन आठवड्यांनी विमानाने बाळंतपणाला माहेरी जायचंय. पाचव्या महिन्यापासून नाक चोंदलेलं आहे, रात्री जास्तच. मागच्या महिन्यात ऑफिसच्या कामाला मुंबईला गेल्या तेव्हा लँडिंगच्या वेळी उजव्या भुवईच्या वर सुरी खुपसल्यासारखं दुखलं, वर उजव्या कानाला दडा बसला तो दोन दिवस सुटला नाही. आता मेडिकलवाल्याने सर्दीची गोळी दिलीय, मैत्रीण म्हणते नाकात ऑट्रिव्हिनचा स्प्रे मार, सासूबाई म्हणतात ओव्याची धुरी घे, आणि पोटातल्या बाळाच्या कानालाही असाच दडा बसत असेल का ही काळजी वेगळीच.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर आहे आणि गरोदर बायकांचा हा प्रश्न ओपीडीत नेहमीचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाळाचं आधी सांगून टाकते म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. बाळाच्या कानाला दडा बसत नाही, बसूच शकत नाही, कारण दडा बसायला कानाच्या पडद्यामागे हवा लागते आणि पोटातल्या बाळाच्या मधल्या कानात हवा नसतेच, तिथे द्रव भरलेला असतो. हवा नाही तर ती फुगणार काय आणि आकसणार काय. दुसरी शंका बऱ्याच जणींना असते की माझं नाक बंद म्हणजे बाळाला ऑक्सिजन कमी, तर तसंही नाही, तुम्ही तोंडाने श्वास घेताच आहात आणि रक्तात ऑक्सिजन पोचतोच आहे. विमानात केबिनमध्ये ऑक्सिजन थोडा कमी असतो हे खरं, पण बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं आणि ते कमी ऑक्सिजनमध्येही तो नीट पकडून ठेवतं. तुमचं स्वतःचं हिमोग्लोबिन फारच खाली असेल तर गोष्ट वेगळी, ते गायनॅक बघतीलच.

आता मुद्द्याचं. तुम्हाला मुंबईला जे झालं त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कान आणि सायनस (म्हणजे कपाळाच्या आणि गालाच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या), आणि लोक दोन्हीला एकच औषध सांगतात, ते म्हणजे च्युइंगम. कानासाठी ते बरोबर आहे. मधला कान आणि नाकाची मागची बाजू यांना जोडणारी एक नळी असते, युस्टेशियन ट्यूब, एरवी ती मिटलेली असते पण आवंढा गिळला, जांभई दिली, चघळलं की स्नायू तिला ओढून क्षणभर उघडतात आणि आतला-बाहेरचा दाब सारखा होतो, तोच तो ‘टक’ आवाज. सायनसला असे स्नायूच नाहीत. कपाळातल्या सायनसची वाट म्हणजे एक अरुंद बोळ आहे जो नाकात उतरतो, तो उघडा असला तर हवा आपोआप येते-जाते आणि सुजून बंद झालेला असला तर तुम्ही अख्खं च्युइंगमचं पाकीट संपवलंत तरी काही होत नाही. म्हणून भुवईवरच्या दुखण्याला विमानात बसल्यावर करण्यासारखं फार थोडं आहे, जे करायचं ते आधी, नाक मोकळं करून.

आणि त्रास वर जाताना नाही, उतरताना का? वर जाताना आतली हवा फुगते आणि वाट काढून बाहेर निघून जाते. उतरताना उलटं, बाहेरचा दाब वाढत जातो, आतली हवा आकसते आणि आत व्हॅक्यूम तयार होतो. विमानात पाणी पिऊन रिकामी झालेली बाटली वरच झाकण घट्ट लावून ठेवलीत तर उतरल्यावर चेपलेली निघते, तसंच. फक्त सायनसच्या भिंती हाडाच्या आहेत, त्या चेपत नाहीत, मग आतलं नाजूक अस्तर ओढलं जातं, सुजतं, कधी त्यातून रक्तही येतं, आणि ते भयानक दुखतं. गालाचा सायनस असेल तर वरच्या दाढा दुखतात आणि लोक दाताच्या डॉक्टरकडे जातात.

थोडे आकडे देते, उगाच नाही, तुमच्या कामाचे आहेत. विमान 35,000 फुटांवर असलं तरी केबिनमधला दाब साधारण 6,000 ते 8,000 फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. 8,000 फूट धरलं तर तो पाऱ्याच्या भाषेत 565 मिलिमीटरच्या आसपास. मुंबई समुद्रसपाटीला, तिथे 760, म्हणजे उतरताना जवळजवळ 195 चा फरक भरून काढायचा. बंगलोर स्वतःच 3,000 फुटांवर आहे, तिथे उतरताना फरक 115 च्या आसपास, म्हणून तुम्हाला परतीच्या प्रवासात कमी त्रास झाला असणार (तुम्ही लिहिलं नाहीये पण माझी पैज आहे). नागपूर हजारेक फुटांवर, म्हणजे मुंबईपेक्षा थोडं सौम्य, पण फार नाही. आणि कानाच्या बाबतीत एक लक्षात ठेवा, हा फरक 90 च्या आसपास गेला आणि तोवर नळी एकदाही उघडली नाही तर ती चिकटून लॉक होते, मग स्नायूंच्या ताकदीने उघडत नाही. म्हणून दुखायला लागल्यावर आवंढे गिळायला सुरुवात करण्यात अर्थ नसतो, आधीपासून गिळायचे.

नाक कशाने चोंदलंय हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण 40-50 टक्क्यांनी वाढतं, हॉर्मोन्समुळे रक्तवाहिन्या सैलावतात, आणि नाकातलं अस्तर तर मुळात रक्तवाहिन्यांचंच बनलेलं, ते सुजतं. साधारण पाचातल्या एकीला याचा चांगलाच त्रास होतो. याला शेंबूड फारसा नसतो, ताप नसतो, शिंका नसतात, नुसतं गच्च, झोपल्यावर खालच्या बाजूची नाकपुडी बंद, कूस बदलली की दुसरी बंद, आणि बाळंतपणानंतर दोनेक आठवड्यांत आपोआप जातं. तुमचं वर्णन बहुतांशी याच्याशी जुळतं. पण बंगलोरला राहताय, तिथे धूळ, परागकण, गाजर गवत याची अॅलर्जी कितीतरी जणांना असते, तर सकाळी उठल्याउठल्या शिंकांची रांग, नाक-डोळे खाजणं असं काही असेल तर अॅलर्जी मिसळलेली आहे. आणि तिसरं म्हणजे तुमचं दोन्ही दुखणं उजवीकडेच झालं, त्यामुळे नाकाचा पडदा उजवीकडे वाकलाय का, आत पॉलिप (अस्तराची मऊ, लोंबती वाढ) आहे का हे एकदा बघून घ्यावं असं मला वाटतं. जवळच्या ईएनटीकडे जा, दुर्बिणीने पाच मिनिटांत कळतं, गरोदरपणात चालतं, एक्सरे-सीटी काही लागत नाही.

एक चौथा प्रकार आहे जो बहुतेक लोकांना माहितीच नसतो. काही गरोदर बायकांना कानाला दडा बसल्यासारखं वाटतं पण स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो, स्वतःचा श्वास कानात ऐकू येतो, आणि आडवं पडलं की बरं वाटतं. ही नळी बंद नसते, उलट सताड उघडी राहिलेली असते. असं असेल तर नाक मोकळं करायचे स्प्रे मारून आणखी वाढतं. पडून बरं वाटतं का वाढतं, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारा. तुम्हाला रात्री वाढतं म्हणजे तुमचं हे नाही.

आता दोन आठवडे हातात आहेत ते वापरायचे. सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, दिवसातून दोनदा. मेडिकलमध्ये नेझल वॉशची बाटली आणि पुड्या मिळतात, नाहीतर पाव लिटर पाण्यात सपाट पाव ते अर्धा चमचा मीठ, वर चिमूटभर खायचा सोडा. पाणी खळखळ उकळून कोमट केलेलंच घ्या. नळाचं तर नकोच पण आरओचं सुद्धा थेट नको, फिल्टरचं पाणी प्यायला चांगलं म्हणजे नाकात घालायला निर्जंतुक असं नसतं, नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा अगदी क्वचित पण नाकातूनच मेंदूत जातो. जलनेतीचं भांडं घरात असेल तर तेही चालेल. बेसिनवर पुढे वाका, तोंड उघडं ठेवा, ‘आआ’ करत राहा म्हणजे पाणी घशात उतरत नाही, वरच्या नाकपुडीतून घाला, खालच्या नाकपुडीतून येऊ द्या, आणि झाल्यावर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका, एकेक हलकेच. मळमळ होत असेल तर जेवणानंतर लगेच करू नका एवढंच.

झोपताना डोक्याखाली नुसती उशी वाढवून मान मोडू नका, पाठीपासून उतार करा, डाव्या कुशीवर. नाकावर बाहेरून लावायच्या चिकटपट्ट्या मिळतात, त्या रात्री लावा, औषध काही नाही त्यात, बऱ्याच जणींना झोप लागते. आणि चाला. पंधरा-वीस मिनिटं जरा भरभर चाललं की नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक तात्पुरतं मोकळं होतं, फुकटचं औषध आहे हे, गायनॅकने चालायला मनाई केली नसेल तर.

स्टिरॉइडचा स्प्रे लिहून दिला तर नाव ऐकून घाबरू नका. बुडेसोनाइडचा गरोदरपणात सगळ्यात जास्त अनुभव आहे, फ्लुटिकासोन-मोमेटासोनही देतात, रक्तात फार थोडं जातं. पण खरं सांगायचं तर नुसत्या गरोदरपणाच्या सुजेवर याचा विशेष फायदा होत नाही, अॅलर्जी मिसळलेली असेल तर छान होतो. आणि याला जोर धरायला आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणजे द्यायचाच असेल तर आत्ता सुरू करायला हवा, एअरपोर्टवर जाताना मारून काही होणार नाही.

सासूबाईंच्या ओव्याबद्दल. ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करून हुंगली तर बिघडत काही नाही, छान वाटतं. धुरी मात्र नको, निखाऱ्याचा धूर कुठलाही असो, सुजलेल्या अस्तराला तो त्रासच देतो आणि बाळासाठी धूर म्हणजे धूरच. वाफ साध्या पाण्याची घ्या, कापूर-निलगिरीच्या कॅप्सूल त्यात फोडू नका, आणि पातेलं मांडीवर किंवा पोटासमोर पलंगावर ठेवून तर अजिबात नाही, टेबलावर ठेवा, गरोदरपणात वाफेच्या पातेल्याने भाजलेली मांडी बघवत नाही. व्हिक्स लावल्यावर नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ते मेंथॉलमुळे, थंडावा जाणवतो, सूज तेवढीच राहते, म्हणजे विमानात त्याचा उपयोग नाही. नाकात तेल-तूप सोडणं आत्ता राहू द्या. घशासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळायची सवय असेल तर तीही थांबवा, रोज घेतलं तर त्याने बीपी वाढतं, फिनलंडमध्ये तर गरोदर बायकांना ते टाळायला अधिकृतपणेच सांगतात. आणि नागपूरला पोचल्यावर कोणी म्हणालं की सावजी रस्सा ओरप, नाक मोकळं होईल, तर तो नाक वाहतं करतो, मोकळं नाही, आणि आठव्या महिन्यात अॅसिडिटीने रात्र काढावी लागेल ती वेगळी.

मेडिकलवाल्याची गोळी परत करा. या सर्दीच्या गोळ्यांमध्ये पाकिटाच्या मागे बघितलंत तर बहुधा पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रीन असं त्रिकूट सापडेल. फेनिलएफ्रीन रक्तवाहिन्या आकसवण्यासाठी घातलेलं असतं, गरोदरपणात ते नको, आणि गंमत म्हणजे तोंडाने घेतलं तर त्याने नाक मोकळं होतच नाही, अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेच्या, तज्ज्ञ समितीने 2023 मध्ये एकमताने तेच सांगितलं. म्हणजे धोका तुमचा आणि फायदा कोणाचाच नाही. स्यूडोएफेड्रीनने नाक मोकळं होतं पण ते बीपी वाढवतं, तेही स्वतःच्या मनाने नको. दुखण्यासाठी साधी पॅरासिटामॉल, 500 किंवा 650 ची, ती चालते. कॉम्बिफ्लाम नको, त्यात आयबुप्रोफेन आहे, 20 आठवड्यांनंतर बाळाच्या किडन्यांवर आणि गर्भजलावर त्याचा परिणाम होऊ शकतो, आणि 30 च्या पुढे बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायचा धोका. पर्समध्ये पडलेली असते म्हणून घेतली असं होतं, म्हणून पर्समधूनच काढून टाका.

मैत्रिणीच्या ऑट्रिव्हिनला मी सरसकट नाही म्हणत नाही, आणि इथे माझं मत काही डॉक्टरांपेक्षा वेगळं असेल. हे स्प्रे, म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन, थेट सुजेवर काम करतात, पाच-दहा मिनिटांत नाक उघडतं आणि सायनसची वाटही. उतरताना भुवईवर सुरी चालणं ज्या बाईला आधी झालेलं आहे तिला एका प्रवासापुरता एक डोस, बीपी नॉर्मल असताना आणि गायनॅकला विचारून, हा सौदा मला बरा वाटतो. बीपी वाढलेलं असेल, बाळाची वाढ कमी आहे असं सोनोग्राफीत म्हटलं असेल तर नाही म्हणजे नाही. अति वापराने बाळाच्या ठोक्यांवर परिणाम झाल्याची नोंद आहे, म्हणून ‘एक मारून उघडलं नाही, अजून दोन मारते’ हे करायचं नाही. आणि सगळ्यात मोठा धोका बाळाला नाहीच, तुमच्या नाकाला आहे. तीन-चार दिवसांच्या वर रोज मारलं की नाक त्याच्यावाचून उघडेनासं होतं, औषधानेच चोंदतं, मग महिनोन्महिने बाटली उशाशी घेऊन झोपणाऱ्या बायका येतात, त्यांची सवय सोडवणं फार कटकटीचं. तुम्ही आत्ताच रोज रात्री मारत असाल तर आधी ते थांबवा आणि डॉक्टरला खरं सांगा.

प्रवासाच्या दिवशी काय करायचं ते आता. घरून निघताना नाक धुवा. एअरपोर्टवर लवकर पोचा आणि व्हीलचेअर घेऊन बसून राहण्यापेक्षा, त्रास नसेल तर, गेटच्या आसपास चालत राहा. परवानगी मिळालेली असेल तर स्प्रे बोर्डिंगच्या सुमाराला मारा. बंगलोर-नागपूर दोन तासांच्या आतलं उड्डाण आहे आणि ऑक्सिमेटाझोलिनचा परिणाम आठ-दहा तास टिकतो, त्यामुळे विमानात परत मारायची गरज नाही. मारायची पद्धत बहुतेक लोकांची चुकते. डोकं मागे टाकू नका, किंचित खाली ठेवा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, टोक बाहेरच्या बाजूला म्हणजे त्याच बाजूच्या कानाकडे धरायचं, मधल्या पडद्यावर नाही. एक फवारा, हलका श्वास, जोरात ओढायचा नाही, ओढलं की औषध घशात जातं आणि कडू लागतं एवढंच. पडद्यावर मारत राहिलं की घोळणा फुटतो, गरोदरपणात तो तसाही पटकन फुटतो. फुटलाच तर डोकं मागे नको, पुढे वाकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा, मध्ये मध्ये सोडून बघू नका.

सीट आयलची घ्या, म्हणजे पाणी मनसोक्त पिता येतं आणि टॉयलेटला उठताना कोणाला उठवावं लागत नाही, पायही मोकळे करता येतात, या महिन्यात पायात रक्त साकळायचा धोका असतोच. बेल्ट पोटाच्या खाली, मांड्यांच्या वर. केबिनची हवा वाळवंटासारखी कोरडी असते, म्हणून नुसत्या सलाईनचा छोटा स्प्रे जवळ ठेवा, तो कितीही वेळा मारला तरी चालतो. आणि हे सगळं सामान समोरच्या सीटच्या खिशात ठेवा, डोक्यावरच्या कप्प्यातल्या बॅगेत नको, कारण लागायची वेळ येते तेव्हा बेल्टचा दिवा लागलेला असतो आणि उठता येत नाही.

विमान उतरायला लागलं हे अनाउन्समेंटच्या आधीच कळतं, इंजिनचा आवाज बदलतो, विमानाचं नाक किंचित खाली झुकतं. नागपूरच्या साधारण अर्धा तास आधी. त्या वेळी झोपलेलं असायचं नाही, झोपेत आपण आवंढे फार कमी गिळतो, म्हणून नवऱ्याला किंवा एअर होस्टेसला उठवायला सांगून ठेवा. सरळ बसा. लिमलेटची गोळी, आलेपाकाची वडी, काहीही चघळा, शुगर असेल तर नुसते पाण्याचे छोटे घोट. दर मिनिटाला एकदा तरी गिळा. कान उघडत नसेल तर नाक चिमटीत धरून पाण्याचा घोट गिळा, हे सगळ्यात सौम्य. त्याने नाही झालं तर नाक बंद, तोंड बंद आणि हलकेच फुंकर आत, फुगा फुगवायची जेमतेम सुरुवात करतो तेवढ्याच जोराने. चेहरा लाल होईपर्यंत जोर लावला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. केबिन क्रू कधी गरम टिश्यू घातलेले ग्लास कानाला लावायला देतात, त्याने दाबात काही फरक पडत नाही आणि गरम पाणी कानावर सांडलं तर भाजतं, नम्रपणे नको म्हणा. ते छिद्राचे खास इअरप्लग मिळतात, लावायचे तर लावा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका, आणि सायनसला तर त्यांचा काहीच उपयोग नाही.

प्रवास पुढे कधी ढकलायचा? ताप असेल, नाकातून पिवळा-हिरवा घट्ट शेंबूड आणि चेहऱ्याच्या एका बाजूला ठणका असेल, कान दुखत असेल, तर जाऊ नका. ब्रिटनच्या गायनॅकॉलॉजिस्टांच्या रॉयल कॉलेजने गरोदरपणात विमान टाळायची जी कारणं दिलीत त्यात तीव्र अॅनिमियाच्या सोबत कान आणि सायनसचं इन्फेक्शनही आहे. इन्फेक्शन खरंच बॅक्टेरियाचं निघालं तर अमॉक्सिसिलिनसारखं गरोदरपणात चालणारं अँटिबायोटिक असतं, आठवड्याभरात बऱ्या व्हाल, तिकीट बदलायचे पैसे जातील ते जाऊ द्यात. कागदपत्रांचं सांगायचं तर बहुतेक कंपन्या 28 ते 32 आठवड्यांच्या पुढे डॉक्टरचं फिट टू फ्लाय मागतात आणि 36 च्या पुढे घेत नाहीत, पण नेमका नियम प्रत्येकीचा वेगळा, तारीखही किती जुनी चालते ते ठरलेलं असतं, तेव्हा त्यांच्या साइटवर बघूनच सर्टिफिकेट घ्या. पाहुणे म्हणतील तसं चौतिसाव्या-पस्तिसाव्या आठवड्यावर ढकलत राहू नका.

एक गोष्ट मात्र मी प्रत्येक गरोदर बाईला सांगते, कपाळ दुखलं म्हणजे सायनस असं धरून चालू नका. उतरताना दुखलं आणि तासाभरात ओसरलं ते सायनसचं. पण बसल्याबसल्या डोकं ठणकतंय, पॅरासिटामॉलने जात नाही, डोळ्यापुढे काजवे चमकतात, छातीच्या खाली पोटात वरच्या बाजूला दुखतं, चेहरा-हात एकदम सुजलेत, यातलं काहीही असेल तर त्या क्षणी बीपी बघा, 140/90 किंवा जास्त निघालं तर वाफ घेत बसायचं नाही, थेट गायनॅककडे. आणि रात्री नव्याने जोरात घोरायला लागला असाल तर तेही गायनॅकला सांगा, त्याचा बीपीशी संबंध असतो आणि नवऱ्याने हसण्यावारी नेलेलं असतं.

उतरल्यावर दडा राहिला तर घाबरू नका, एक-दोन दिवसांत सुटतो, चघळत राहा, गिळत राहा, कानात तेल किंवा काडी घालू नका, दडा पडद्याच्या मागे आहे, काडी पुढून जाणार. पण कानातून रक्त किंवा पाणी आलं, गरगरलं, किंवा एका कानाने ऐकूच येईनासं झालं तर त्याच दिवशी ईएनटीकडे जा, ऐकू न येण्याला वेळ गेला की उपचार हाताबाहेर जातो. भुवईवर दुखणं दोन-तीन दिवसांनीही तसंच असेल तरी दाखवा.

ट्रेनने जाऊ का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. कान-सायनसच्या दृष्टीने ट्रेन उत्तमच, पण बंगलोर-नागपूर म्हणजे रात्रभराहून मोठा प्रवास, वरखाली बर्थ, हलत्या डब्यात टॉयलेटला जाणं, आणि मध्ये काही झालं तर गाडी कुठल्या तरी छोट्या स्टेशनावर. माझ्या मते नाक नीट तयार केलेलं असेल तर विमानच बरं. ईएनटीने दुर्बिणीने बघून सायनसची वाट पूर्ण बंद आहे असं सांगितलं तरच ट्रेनचा विचार करा, मग एसीत खालचा बर्थ आणि सोबत कोणीतरी हवंच.

बाळंतपणानंतर नाक दोन-तीन आठवड्यांत मोकळं व्हायला हवं. परत बंगलोरला जाताना बाळ असेल मांडीवर, त्यालाही उतरताना अंगावर पाजत राहा, ते गिळत राहिलं की त्याचा कान उघडत राहतो, त्याच्या नाकात मोठ्यांचा स्प्रे मात्र चुकूनही नको. आणि महिना उलटून गेला तरी तुमची उजवी बाजू बंदच असेल तर ते गरोदरपणाचं नव्हतंच, आधीपासूनचं काहीतरी आहे, तेव्हा सीटी स्कॅन काढून घ्या, जो आत्ता आपण टाळतोय.